सीटचा दांडा

इसा टाउनचा जुना बाजार, शुक्रवार सकाळ.
गालिचे, टेबलफॅन, तीन पायांचा पाळणा ओलांडून
तिच्यापाशी पोचलो.
शीर्षासनात होती, चाकं वर.
रंग एके काळी निळा असावा,
आता निळ्याच्या आठवणीतला काहीतरी.

खिशातून लोहचुंबक काढलं,
आमच्या खोलीच्या फ्रिजवरचं,
किराणाचं बिल धरून ठेवणारं.
नळीला लावलं. टक्.
पोलाद.
नखानं वाजवलं तर बोलणारं, बारीक नळीचं.

माझा बाप इचलकरंजीत मागावर जॉबर.
म्हणायचा, जुनं मशीन घेताना
आधी हात, मग डोळे.
म्हणून डोळे मिटून सांधे चाचपले.
प्रत्येक सांध्याला छोटी महिरप,
कुणीतरी कानशीनं, घाई नसताना काढलेली.
हँडल एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं,
गियरचे दोन कान खालच्या नळीवर.
मागचं चाक फिरवलं,
ते लंगडी घालत फिरलं,
दर फेरीला ब्रेकच्या रबराला शिवून.
साखळीत वाळू. टायरांना भेगा.
हे सगळं मला चालणार होतं,
पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही.

अब्दुन्नबी खुर्चीवर, हातात तसबी.
इश्रीन, म्हणाला.
अशरा, मी म्हणालो.
तो हसला. वीस आणि दहा यांच्यामध्ये
बसायला पुष्कळ जागा असते.

मग सीट खाली घ्यायला गेलो.
बोल्ट सुटला, दांडा हलेना.
पायात चाक धरून पिळलं,
दोघांनी मिळून पिळलं,
शेजारचा पंखेवालाही येऊन पिळून गेला.
ॲल्युमिनियम पोलादात गंजून एकजीव झालेलं,
समुद्राच्या हवेत वीस वर्षं संसार केल्यावर होतं तसं.
“जाम है,” अब्दुन्नबी म्हणाला.
“मेरे भाई का है. लंबा आदमी था.”
‘था’ म्हणजे वारला की दूर गेला,
विचारलं नाही मी.
त्यानं मणी ओढले. अर्बाताश, म्हणाला.
सहा दिनार त्या दांड्यापायी उतरले.

चौदा मोजले.
पदरी पडलं ते पवित्र, असं म्हणतात,
हे मात्र दोन बोटं उंच पडलं.

सित्र्याच्या कॅम्पपर्यंत चालवत आणली.
कंबर डावी-उजवी झुलवत,
सिग्नलला खांबाला मिठी मारून उभा.
थंकप्पन दारातच म्हणाला,
“सायकल घेतलीस की घोडा?”

अकरा रात्री दांड्यात तेल सोडलं.
गरम पाणी, बर्फ, हातोडी, शिवी.
अकराव्या रात्री थंकप्पन म्हणाला, पुरे, झोपू दे.
पडल्या पडल्या मोजत राहिलो:
ही खाट माझ्या आधी कुणा गुरुंगची होती,
तिचा खोलगटपणा त्याच्या पाठीचा.
कामाच्या डगल्यावर खिशापाशी
उसवलेल्या नावाची भोकं,
धुतलं की अक्षरं परत दिसतात,
इंग्रजी आर, मग काहीतरी, मग टी.
हेल्मेटचा पट्टा मात्र आवळता येतो.

ज्या माणसाला मी पाहिलं नाही
त्याच्या पायांची लांबी
माझ्या खोलीत, भिंतीला टेकून उभी.

बाराव्या दिवशी तेल बंद केलं
आणि बूट घेऊन मनामाला गेलो.
गल्लीतला मोची, मुलतानचा.
एक बोटभर तळ वाढव म्हटलं.
दोन्ही पायांना? म्हणाला.
दोन्ही.
त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे,
आणि जुन्या टायरचा तुकडा कापायला घेतला.
चौदा दिनारांत सायकल,
दीड दिनारात उंची.

मंगळवारी पहाटे चारला निघालो,
ऊन उठायच्या आत, पुलावर वारा खारट,
रिफायनरीची ज्योत उजव्या हाताला.
पुलापलीकडे सिग्नल लाल झाला.
थांबलो.
पाय टेकला.
टेकला म्हणजे, जवळजवळ.