दोन बोटं प्ले

गाडी वागळे इस्टेटला आली ती टोइंगच्या हुकाला लटकून,
टीआर-थ्री, अठ्ठावन्न सालची, रंग पिकल्या करवंदाचा,
आणि मागोमाग रिक्षातून नौपाड्याच्या डॉक्टर गुप्तेबाई.
वय चौऱ्याहत्तर. पर्समध्ये अजून दाताचा आरसा.
"केणे, मी वळवते आणि ही ऐकत नाही.
म्हणजे ऐकते, पण जरा वेळाने.
अच्युतसारखी."

स्टिअरिंग धरून बघितलं.
दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे,
पुढची चाकं ढिम्म.

या गाडीचा बॉक्स काढायचा तर
आधी तिचं तोंड उतरवावं लागतं, जाळीसकट,
मग कॉलमचा लांब दांडा समोरूनच ओढायचा,
आत हॉर्नची तार, कापड गुंडाळलेली, हात लावला की भुगा.
ड्रॉप आर्म तर निघेचना.
पुलर लावला, गॅस दिला, सुभानने घण घातला,
माझ्या तोंडून बाईंसमोर नको ते गेलं.
शेवटी पुलर ताणून तसाच ठेवला, शटर ओढलं.
रात्री तीनला म्हणे वॉचमन दचकून उठला, बार उडाल्यासारखं.
सकाळी आर्म फरशीवर पडलेला,
कुणी हात न लावता.

झाकण उघडलं. आत ग्रीस, वाळून मेणासारखं.
"इथे तेल लागतं बाई. ग्रीस बाजूला सरकतं ते सरकतंच,
परत येत नाही. कुणी भरलं?"
बाई गप्प. मग म्हणाल्या,
"तेल गळायचं. पार्किंगच्या लादीवर डाग.
मी रोज ओरडायचे.
एका रविवारी डाग पडायचे थांबले.
मी म्हटलं, वा."

सरका म्हणाल्या, आरसा आत घातला, टॉर्च धरला,
पेग बघितला, आतलं ते पोलादी बोट, एका अंगाने चपटं झालेलं.
"कीड नाही. झीज आहे.
झोपेत दात खाणाऱ्यांची असते तशी."

आणि वर्मची खाच मधोमध खोल गेलेली.
दोन्ही टोकांना मात्र कारखान्यातल्या घासकामाच्या रेघा
अजून तशाच.
गाडी सरळच जास्त चालते ना.
घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर, जिमखाना.

नवा बॉक्स इंग्लंडहून: तीन महिने, वर कस्टम,
आणि आकडा असा की मी तो बोललो नाही, कागदावर लिहून दिला.
बाईंनी कागदाची घडी करून आरशाखाली ठेवली.

पेग कडूने लेथवर नवा काढला,
रबाळ्याला पाणी देऊन आणला.
पण वर्म तोच.
झाकणाखालची एक शिम काढली की मधला ढिलेपणा जातो
आणि कडेला स्टिअरिंग आवळतं,
वळणात आवळलं तर माणूस जातो.
म्हणून शिम परत घातली.
काढली, घातली. दिवसभर तेच, केसाएवढ्या जाडीसाठी.
"किती ठेवलात?"
"एक बोट."
"राहू दे. अगदीच घट्ट मला कुठे हवंय."

रविवारी सहाला निघालो, बाई चालवत, मी शेजारी,
पाय नसलेल्या ब्रेकवर.
पोखरण रोड सरळ, तिथे त्या सारख्या
जरा इकडे, जरा तिकडे,
दुधावरची साय न मोडता पातेलं न्यावं तशा.
उपवन मागे पडलं. येऊरचा चढ.
पहिलं वळण आलं
आणि स्टिअरिंग कोऱ्या लोखंडात शिरलं.
बाईंनी माझ्याकडे बघितलं, रस्ता सोडून.
"अहो, ही तर नवीन आहे."
"इकडे कुणी फारसं आलं नव्हतं," मी म्हटलं,
"समोर बघा."

संध्याकाळी फोन.
"केणे, लादीवर तेलाचा डाग पडलाय."
सील पाठवतो म्हटलं, उद्या सुभानला सांगतो.
"नको, नको," म्हणाल्या.
"सांगितलं नुसतं."