दोनशे बारा

विडी घरकुलात पाण्याचा वार पाचव्या दिवशी.
त्या दिवशी रक्त घ्यायला जायचं नाही,
हा नियम प्रोटोकॉलमध्ये नाही.
मला तो राजव्वा येमूलनं शिकवला,
रिकामी घागर माझ्या फॉर्मवर ठेवून.

डबे दोन. निळं झाकण, पिवळं झाकण.
आत ज्वारीचे लाडू, गुळातले,
दिसायला सारखे, वासाला सारखे. एकात लोह.
कुठल्या, ते पुण्यातल्या एका कपाटात,
बंद पाकिटात.
"तुला ठाऊक असंल की."
"नाही मावशी, मलाही सांगत नाहीत."
"एवढी शिकलीस आणि…"
पुढचं ती जावेला तेलुगूत म्हणाली.
दोघी हसल्या. मी पेन शोधत राहिले.

संमतीपत्रावर अंगठा उठेना.
तीस वर्षं तेंदूचं पान वळून
रेषा झिजून गेलेल्या,
शाईचा नुसता ठिपका, कुणाचाही.
सुईसुद्धा दोनदा टोचावी लागली.
राजव्वा आठ पूर्णांक चार.
जाऊ पद्मव्वा सात पूर्णांक नऊ.
दम लागतो?
"कारखान्यात माल द्यायला जिना चढावा लागतो. तिथं."
चक्कर येते?
"बसून काम आमचं. येऊन पडणार कुठं?"
फॉर्मवर चौकोन दोनच. होय. नाही.

चिठ्ठीत राजव्वाला निळं आलं, पद्मव्वाला पिवळं.
एका चुलीवर दोन रंग नकोत, मी सरांना म्हटलं होतं.
सर म्हणाले,
चिठ्ठीला नाती कळली तर ती चिठ्ठी कसली.

अकराव्या आठवड्यात न सांगता गेले.
मांडीवर सुपं, कातर, दोऱ्याची रिळं,
आणि दोघींच्या मधे स्टीलचं एक ताट.
निळ्यातला लाडू, पिवळ्यातला लाडू
एकत्र कुस्करलेला, बाजूला शेंगाचटणी.
"नुसतं गोड जात नाही गं," पद्मव्वा.
राजव्वा दोरा गुंडाळत, माझ्याकडे न बघता:
"एकीला औषध, एकीला फसवणूक.
मग केलं निम्मं निम्मं.
लागू झालं तर दोघींना निम्मं तरी होईल."
"कधीपासून?"
"पहिल्या दिवसापासून."

रिक्षात बसून लिहिलं.
विचलन असा एक रकाना असतो,
कारणासाठी तीन इंचाची ओळ.
अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या खडखडाटात
रिक्षावाला काहीतरी विचारत होता.
नसतं लिहिलं तरी चाललं असतं. कोण बघणार होतं.
पण खोटा आकडा थांबत नाही,
मी न पाहिलेल्या गावात
मी न पाहिलेल्या बाईच्या ताटात जाऊन बसतो.
हे मला पटलेलं आहे. अजूनही.
लिहिलं: 'अन्न वाटून खाल्ले.'
परत वाचलं. चूक वाटेना.
तरी चूक म्हणून सही केली.

दीड वर्षानं निबंध छापून आला.
दोनशे चौदा घेतल्या, दोनशे बारा मोजल्या.
लोहाचा फरक दिसला, थोडा, पण दिसला.
माझं नाव आभारांत, आडनाव चुकवून.

सांगायला गेले. तेही प्रोटोकॉलमध्ये नाही.
राजव्वा नुकती माल देऊन आलेली.
ठेकेदार हजारातून मूठभर काढतो,
सैल वळलेल्या, पान फाटलेल्या,
पैसे देत नाही, आणि परतही देत नाही.
मी समजावलं, तुमचे आकडे वाईट नव्हते,
फक्त कुठल्या बाजूला धरायचे ते कळत नव्हतं.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे छाट काढली आमची."

मी नाही म्हणणार होते.

"आणि रक्त?" पद्मव्वानं विचारलं.
वही काढली. तक्त्यात नाही, वहीत आहे.
राजव्वा नऊ पूर्णांक सात.
पद्मव्वा नऊ पूर्णांक दोन.
पद्मव्वानं बोटांवर काहीतरी मोजलं,
मग जावेकडे वळून म्हणाली,
"बघ. मोठा वाटा तूच घेत होतीस."