धोटासुर

वडगावात रात्री नवानंतर
तीन गल्ल्यांचे माग बंद होतात
आणि आमच्या घरात एक चालू होतो:
खडे बाजारातून जुना आणलेला लॅपटॉप,
त्याचा पंखा कांडी भरल्यासारखा घरघरतो,
'ई'ची कळ दोनदा दाबावी लागते.
आई आतून विचारते, काय करायलीस गं अजून?

राक्षस बनवायलेय.
पहिलाच, म्हणून अंमळ जास्तच राक्षस.
चार हात, हजार रक्त,
डावीकडून उजवीकडे सुटणारा लोखंडी धोटा
आणि दया नावाचा व्हेरिएबल कुठेच नाही.
नाव धोटासुर.
ईरण्णा म्हणाला, कन्नडात पण लिही की,
आमच्या पोरांनी काय बिननावाच्या हातून मरायचं?
तर दोन्ही पाट्या लावल्या, सारख्याच उंचीच्या,
पिक्सेल मोजून.
इथं राहून तेवढं कळतं आपल्याला.

पहिल्या आठवड्यात तो भिंतीत घुसून बसला.
दुसऱ्या आठवड्यात
स्वतःच्याच धोट्याला लागून मेला
आणि पडद्यावर आलं: तू जिंकलीस.
मी चहा पीत होते.

तिसऱ्यांदा जमला. इतका जमला
की ईरण्णा एकवीस वेळा मेला
आणि लॅपटॉप मिटून म्हणाला, साक बिडो,
हा राक्षस नव्हे, ही तुझी चिडचिड आहे.

मग इशारा घातला.
वार करण्याआधी पाऊण सेकंद
खटक्.
आमच्याच मागाचा आवाज, फोनवर धरलेला.
ऐकलंस तर उडी मार.
अवघड असावं, पण सांगून अवघड असावं,
एवढं शिकले होते.

रविवारी बाबा बसले.
तेहतीस वर्षं चार मागांच्या मधे उभं राहून
त्यांच्या कानांत आता
फक्त मोठे आवाज राहतात, तेही भाडेकरूसारखे.
खटक्. बाबा मेले.
खटक्. मेले.
"हा काहीच सांगत नाही," म्हणाले,
तक्रार नव्हती,
बिघडलेल्या मागापुढे बसून बोलतात तसं.
मी स्पीकर वाढवला
आणि वाढवतानाच लाज वाटली.

थांबा, म्हटलं, डोळ्याला दिसेल असं घालते काही,
हात वर, लाल ठिपका...
बाबा थांबले नाहीत.
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
धोट्याकडे ते बघतच नव्हते.
बघत होते मागे,
मी उगाच सजावटीला सोडलेल्या
निळ्या-पांढऱ्या ताण्याकडे.

"इथं तुटतंय बघ."

दर सातव्या फेरीला
एक रेघ क्षणभर नाहीशी होते
आणि तेवढ्यात राक्षस अडखळतो.
टायमर शून्यावर आणायला विसरले होते मी,
एकशे बाराव्या ओळीत.
चक्क चूक.

"तुटल्या धाग्यावर माग ओढायचा नसतो.
त्यालाही कळतंय की."
आणि सातव्या फेरीला बाबा पुढे गेले.
मारलं नाही.
मारायचं बटण कुठलं
ते सांगायचंच राहिलं होतं.
जाऊन नुसते उभे राहिले त्याच्या कुशीला,
जिथं धोटा पोचत नाही,
कारागीर उभा राहतो त्या जागी.
हजार रक्त जसंच्या तसं,
राक्षस आपला फेऱ्या टाकतोय,
बाबा आपले उभे.
"चालतोय बरा," म्हणाले
आणि जेवायला उठले.

आता रात्रीचे सव्वाबारा.
एकशे बारावी ओळ उघडी आहे.
एक शब्द लिहिला की चूक जाईल.
लाल ठिपका घातला, हात वर केला,
रक्त हजारवरून सहाशे केलं, ईरण्णासाठी.
ओळीला मात्र हात लावला नाही.
तिच्यावर एक टीप टाकली,
मशीन जी वाचत नाही अशी:

इथे बाबा उभे राहतात.