क्रियापद शेवटी

मार्चमध्येही आमच्याकडे बर्फ उकरूनच गाडी काढावी लागते.
पहाटे साडेचारला निघालो, मी आणि सोल्वी,
नॉर्थ डाकोटातून खाली, सहा तास, दोन थर्मास,
तिच्या मांडीवर वही. चार कॉलेजं, आखलेले रकाने :
फी, वसतिगृह, घरापासूनचं अंतर,
आणि शेवटच्या रकान्यावर नुसतं
‘तिसऱ्या वर्षी काय?’

मी धान्याच्या कोठारांचे पट्टे दुरुस्त करतो.
मला एवढंच कळतं, की यंत्र घेताना रंग बघू नये,
दहा वर्षांनी सुटे भाग मिळतील का, ते विचारावं.
हेच तिला सांगितलं होतं. तिनं त्याचा रकाना केला.

पहिलं कॉलेज देखणं.
काचेची इमारत, तळमजल्यावर कागदी कंदील.
आम्हाला फिरवणारा पोरगा उलटा चालत बोलायचा,
मला सारखी धास्ती, आता पडतो की काय.
‘जपानी? आहे की! दर सेमिस्टरला
सुशीची संध्याकाळ असते.’
सोल्वी म्हणाली, शिकवतं कोण?
त्यानं हातातली पुस्तिका उलटीपालटी केली.

शिकवत होत्या कुरामोची बाई,
जिन्याखालच्या खोलीत.
टेबलावर हीटर, संत्र्याची सालं, तपासायचे पेपर.
सोल्वीनं वाटेत घोकलेली चार वाक्यं म्हटली.
बाईंनी पुरती ऐकून घेतली, मग हलकेच
एक स्वर दुरुस्त केला, लांबवायचा राहिलेला.
काका आणि आजोबा यांच्यात म्हणे
तेवढंच अंतर असतं.
मग दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या :
इथे येऊ नकोस.
दुसऱ्या वर्षानंतर द्यायला माझ्या हातात काही ठेवलेलं नाही.
सप्टेंबरात मी असेन की नाही
हे मलाही मे महिन्यातच कळतं.
चिठ्ठीवर एका गावाचं नाव लिहून दिलं.
वहीत नव्हतंच ते. आणखी चारशे मैल.

त्यांच्या जागी मी असतो
तर हाती आलेलं गिऱ्हाईक असं सोडलं असतं का?
माहीत नाही.

हे दुसरं विटांचं, रेडिएटर गळणारं.
चौथ्या वर्षाच्या वर्गात पाच जण,
त्यातला एक गुरांची डॉक्टरकी सोडून आलेला.
वर्तमानपत्रातली वीज महागल्याची बातमी वाचत होते,
अडत होते, भांडत होते,
पाहुणे आलेत म्हणून कुणी हसून दाखवलं नाही.
मी मागच्या बाकावर, टोपी मांडीवर.
एक अक्षर कळेना.
पण पट्टा रिकामा फिरतो तेव्हाचा आवाज
आणि ओझं ओढू लागतो तेव्हाचा,
यांतला फरक मला झोपेतही कळतो.

परतताना ती म्हणाली, बाबा,
या भाषेत क्रियापद शेवटी येतं.
माणूस, रस्ता, घर, बर्फ, सगळं सांगून होतं
तरी तो गेला की राहिला, कळत नाही.
मग ऐकणाऱ्यानं करायचं काय?
थांबायचं, म्हणाली.

माझी आई नॉर्वेजियन बोलायची,
भांडी घासताना, कोंबड्यांशी.
आमच्याशी नाही. पोरं शाळेत मागे पडतील म्हणून.
जायच्या आधी तीन दिवस मात्र तेवढीच भाषा उरली तिच्या तोंडात,
आणि आम्ही तिघे भाऊ उशाशी उभे,
‘हो आई, हो आई’ करत.
हे सोल्वीला कधी सांगितलेलं नाही.
तेव्हा गाडीतही नाही. वायपर चालू होते.

निम्मी फी शिष्यवृत्तीतून. उरलेल्या निम्म्यासाठी
खताच्या डेपोवर रात्रपाळी धरलीय.
ऑगस्टात तिची पेटी तीन जिने चढवली,
दम खात दारात उभा राहिलो.
काही म्हणायचंय का, तिनं विचारलं.
म्हणायचं होतं.
सोल्वी, मी तुला, या रस्त्यानं, इतक्या लांब

एवढंच झालं.
ती थांबली होती.