चार ग्रॅम

चार ग्रॅम.
जळगावच्या सराफात एवढ्यात
बारशाची अंगठी होते, घट धरून.
आमच्या वरणगावात एवढ्यात एक गोळी.
घट चालत नाही.

मी हेमलता बोरोले, प्रूफ रेंज.
काम असं, की फिरके दोरी ओढतात.
नळीपुढे दोन पडदे,
पहिल्यावर घड्याळ सुरू, दुसऱ्यावर बंद.
मी आकडा लिहिते.
नऊशे अकरा. नऊशे सतरा. नऊशे नऊ.
मीटर, सेकंदाला.
मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस असतं तेव्हा
काडतुसं आधी गार पेटीत निजवतो,
नाहीतर दारू उतावीळ होते, आकडे चढतात.

अप्रेंटिस पोराला एकदा सांगितलं:
नळी आडवी धर, आणि दोरी ओढशील त्याच क्षणी
तेवढ्याच उंचीवरून हातातली गोळी सोडून दे.
दोन्ही एकदमच मातीला टेकतील,
एक तुझ्या पायाशी,
एक पार तापीच्या अंगाला.
त्याला पटलं नाही. मलाही
पुस्तकात वाचलं तेव्हा पटलं नव्हतं.
पण पडण्यात वेगाला सूट नाही.
शंभर मीटरात चार बोटं, रोज मोजते.

नळीच्या आतून पीळ कोरलेला असतो,
त्यावरून गोळी घासत, फिरत निघते,
सेकंदाला साडेचार हजार फेरे.
म्हणून नाक समोर राहतं.
तरी भोवऱ्यासारखी जरा डोलतेच.
फिरके म्हणतात, गोळीलेबी मान असते, ताई.

आवाज मागून येतो.
तीनशे मीटरवरच्याला आधी गोळी, मग बातमी.
आमच्या रजिस्टरात आवाजाचा रकाना नाही.
फिरक्यांच्या डाव्या कानात आहे.

त्या वर्षी जिलेटिनचे ठोकळे आलेच नाहीत,
टेंडर कुठं अडकलं कोण जाणे.
तर फिरक्यांनी भावाच्या मळ्यातून
केळीचा खांब आणला, लुनाला आडवा बांधून.
घड उतरला की तो तसाही तोडतातच.
जवळजवळ सगळं पाणीच,
माणसापेक्षा थोडं जास्त.

दोरी ओढली.
पुढून पाहिलं तर भोक,
करंगळीही जाणार नाही असं.
'बस, येवढंच?' फिरके म्हणाले,
आणि विळा घेऊन खांब उभा चिरला.

हवेत पुरणारे फेरे पाण्यात पुरत नाहीत.
पाणी आठशे पट दाट.
वीतभरही सरळ गेली नव्हती,
डोलणं वाढत गेलं, मग आडवी झाली,
मग बूड पुढे, कारण वजन बुडाशी.
आडवी होताना तिनं जागा मागितली.
पाणी दबत नाही, पाणी सरकतं.
आत नारळाएवढी पोकळी झाली असणार,
आणि पापणी लवायच्या आत मिटली.
मिटली म्हणजे भरली नाही.
क्विंटलभर कापूस
माणसाच्या डोक्याइतका उचलायला लागतं
तेवढं बळ होतं त्या चार ग्रॅमात.
बरंचसं ती आतच ठेवून गेली.

फिरक्यांनी त्या चिंध्यांत मूठ घातली.
गेली.
काढली, शर्टाला पुसली.
केळीचा डाग निघत नाही,
हे त्यांना जन्मापासून माहीत.
'तीस वर्षं,' म्हणाले,
'आपुन पडद्यापर्यंतच मोजत व्हतो नं, ताई.'

मी रजिस्टर उघडलं.
वेग. दाब. तापमान. शेरा.
शेऱ्यात लिहिलं: समाधानकारक.
दुसरा शब्द तिथं कधी लिहिलाच नव्हता,
हाताला वळण नव्हतं.

खांब भिंतीमागे टाकून दिला.
संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा
कुणाच्या तरी दोन बकऱ्या तो खात होत्या,
भोकापासून सुरुवात करून,
तिथं मऊ होता म्हणून.