उलटं इंजिन

वास्कोच्या भंगारातनं आणलेलं,
आठ सिलिंडरचं, बोटीचं इंजिन
उद्यमबागेत साखळीला लोंबतंय.
खाली तोंड वासून सत्तर सालची डॉज,
काकतीच्या एका खलाशानं कधीकाळी आणलेली,
मग कोंबड्या बसायच्या तिच्यात.

ईरण्णानं पाना पुसला,
‘खट्टनं आणलास रे हे? अजून खारट लागतंय.’
म्हणजे यानं चाटूनही बघितलं होतं.

रेडिएटर नव्हताच त्याला.
कधी लागलाच नव्हता,
अख्खा समुद्र पीत होतं ते.
आता बोअरच्या पाण्यावर दिवस काढायचे,
म्हणून बॉनेट कापून
मी ट्रकचा बसवला.

शनिवारी रात्री किल्ली फिरवली.
शेजारच्या फौंड्रीतली पाळी
काम टाकून दारात आली.
पहिला गिअर. क्लच सोडला
आणि गाडी मागं गेली,
थेट चहाच्या टपरीत.

सगळे हसले. ईरण्णा वाकून पुली बघत राहिला.
‘जोडीतलं आहे हे. एक उजवं फिरतं, एक डावं,
तेव्हा कुठं बोट सरळ जाते.’

मग दुसरं?
मी भंगारवाल्याला फोन लावला.
‘ते? मागच्याच महिन्यात वितळवायला गेलं की.
तुमच्याच बेळगावला.’

फौंड्रीतली माणसं
तोवर परत भट्टीकडं गेली होती.

डिफरन्शिअल उलटं बसवलं आम्ही.
गाडी पुढं जाते आता, सुसाट.
फक्त चोर्ल्याच्या घाटात
जरा एका बाजूला ओढते.
ईरण्णा म्हणतो, अलाइनमेंट करून घे.

बघू.