पाय टेकायला

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
ताऱ्याचा उजेड शंभरातला एक भाग कमी झाला.
एवढंच.
पडद्यावर ठिपक्यांची रांग चालता चालता
उंबरठा उतरल्यासारखी खाली आली,
अडीच तास तिथेच चालली,
मग पुन्हा वर.

"आला?" इस्मेनिया कोल्के विचारते.
भटारखाना बंद करून ती टेकडीवर आलीये,
हाताला कांद्याचा वास, खांद्यावर लामाच्या लोकरीची शाल.
आला, मी म्हणते. साडेतीन दिवसांचं वर्ष त्याचं,
मागच्या मंगळवारपासून दोन वर्षं उलटली.
"दोन वर्षं! आणि मी अजून तेच पातेलं घासतेय."

जमीन कशी आहे तिथली?
नाहीच.
वायू, त्याखाली आणखी दाट वायू,
उतरायला लागलं तर उतरतच राहायचं.
गुरूहून मोठा, पण बुचासारखा हलका,
तेवढा मोठा समुद्र मिळाला तर तरंगेल.
समुद्राचं आम्ही दोघी पुढे बोलत नाही;
या वाळवंटात प्यायचं पाणीही टँकरने येतं.
आणि तारा, आपल्या सूर्यासारखाच, पण इतका जवळ
की त्याची हवा ओरबाडत राहतो.
मागे शेपटीसारखी सांडत जाते ती.

तिचा भाऊ वेन्सेस्लाओ खाली कालामाला असतो.
सत्तावीस वर्षं तांब्याच्या खाणीत.
एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाला होता,
हे इथे, आणि हे, आणि हे सगळं दगड.
तीन उशा लावून तो बसल्या बसल्या झोपतो.

"सगळीच्या सगळी हवा," इस्मेनिया म्हणते,
"आणि एकानेही ओढून न घेतलेली."
मी सांगायला जाते: ती हवा तसली नाही गं,
हायड्रोजन, हेलियम, हजार अंशांची भट्टी,
माणूस तिथे...
नाही सांगत.

घुमटाची फट पश्चिमेकडे सरकते. मोटर कण्हते.
रेघेतला खळगा ती काचेवरून बोटाने चाचपते,
तव्याचा ताव बघावा तशी, जपून.
"पुन्हा कधी?"
शुक्रवारी दुपारी. पण तेव्हा इथे लख्ख ऊन,
दिसायचं नाही काही.
तरी ती पेन मागते,
तळहातावर लिहून घेते, शुक्रवार, दुपार,
आणि मला सांगते, त्याच सुमाराला
वेन्सेस्लाओचं सिलिंडर बदलायला माणूस येतो.